नजराण्याच्या मडक्यातली मालेओ

टिक्.

भरदुपारचं स्वयंपाकघर अगदी गप्प होतं. चुलीत नारळाच्या सोडणाचा विस्तव राखेखाली निजला होता. दाराशी चटईवर हास्निया आपल्या लेकीला, विंदीला, थोपटत होती. थोपटता थोपटता तिचेच डोळे मिटत होते, आणि विंदी मात्र टक्क जागी होती.

टिक्. खर्र. टिक्.

"आई, मडकं बोलतंय."

"मडकी बोलत नाहीत. पाल असेल. झोप."

"पाल मडक्यात शिरली?"

"विंदी, आता तू झोपली नाहीस तर मीच मडक्यात शिरेन."

मित्रांनो, ती पाल नव्हती. ती मी होते.

मी एक मालेओ आहे. आता चांगली जाणती झाले आहे. पंख काळे, पोट पहाटेच्या ढगासारखं गुलाबी, आणि डोक्यावर काळ्या हाडाचं उंच शिरस्त्राण. सुलावेसी बेटाचं रान आणि त्याच्या पुळणी सोडल्या, तर जगाच्या पाठीवर आम्ही कुठेही आपणहून राहत नाही. बेट एवढं मोठं, तरी आम्हाला तेच एक घर आहे. ते मोडलं तर जायला दुसरं गाव नाही.

तुम्ही विचाराल, अंड्यात बसून तुला ही बोलणी कशी कळली? काही मी कवचातून ऐकली. बाकीची पुळणीवर ऐकली. पक्ष्यांना कान नसतात अशी समजूत करून घेऊन माणसं पुळणीवर सगळं बोलतात.

माझे आईवडील डोंगरातल्या रानातून चालत पुळणीवर उतरले. दोघांनी आळीपाळीनं वाळू उकरली. एक खणी, दुसरा मान उंच करून पहारा देई. खड्डा इतका खोल झाला, की खणणाऱ्याची फक्त उडणारी वाळू दिसत होती. तळाशी आईनं मला ठेवलं. मालेओचं अंडं मोठं असतं. कोंबडीची पाच अंडी एकत्र केली, तरच त्याची बरोबरी होईल. मग दोघांनी खड्डा बुजवला, शेजारी फसवे खड्डे उकरून ठेवले आणि ते निघून गेले.

हो, निघून गेले. आमच्यात अंड्यावर कुणी बसत नाही. उन्हानं तापलेली वाळू आम्हाला उबवते. वेळ भरली की पिल्लू कवच लाथाडतं, अंधारात पाठीवर पडून वाळू खरवडत वर येतं, आकाश बघतं आणि त्याच दिवशी उडतं. उडायला कोणी शिकवत नाही. दाणा कोणी भरवत नाही. सगळं शहाणपण अंड्यातूनच घेऊन यायचं. मी स्वतः मालेओ आहे, तरी हे आठवलं की माझा मलाच अचंबा वाटतो.

पण माझ्या नशिबी ते वाळूचं पोट नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दहा बोटं खाली आली आणि त्यांनी मला अलगद उचललं. ती बोटं साब्रानची, म्हणजे हास्नियाच्या सासऱ्यांची.

त्यांना वाईट समजू नका. त्या गावाची एक रीत आहे. हंगामातली पहिली अंडी गावानं खायची नाहीत. टोपली भरली, की ती केळीच्या पानांनी झाकून समुद्रापलीकडच्या बेटावर जुन्या राजवाड्यात पोचवायची. गावातले लोक सांगतात, फार पूर्वी त्या राजवाड्यातली एक मुलगी या गावात सून होऊन आली, ती आंदण म्हणून मालेओची जोडी घेऊन आली. इथल्या सगळ्या मालेओ त्या जोडीच्या लेकी-नाती. म्हणून पहिली अंडी दर वर्षी त्या मुलीच्या माहेरी जातात. आणि ती गेल्याशिवाय गावात लग्नाचा मांडव पडत नाही.

या रीतीच्या पोटात आणखी एक रीत होती. होडीत चढेपर्यंत अंडं गार होता कामा नये. अंडं गारठलं की नातं गारठलं. म्हणून ते पुळणीच्या वाळूनं भरलेल्या मडक्यात पुरायचं, मडकं चुलीच्या वैलाशी ठेवायचं, आणि त्याची ऊब घरच्या सुनेनं सांभाळायची. पूर्वी हे काम एका रात्रीचं असे. साब्रान सांगायचे, त्यांच्या आजोबांच्या काळी पुळण मालेओंनी काळी दिसायची, सकाळी गेलं की दुपारी टोपली भरलेली.

आता रान आणि पुळण यांच्यामध्ये रस्ता झाला होता, नारळाच्या बागा झाल्या होत्या. बागांतली कुत्री मोकाट होती. आणि अंडी उकरून बाजारात नेणारे लोक साब्रानच्याही आधी उठत. त्या वर्षी टोपलीसाठी मिळालेलं अंडं एकच. मी.

एका अंड्याला कोणी नजराणा म्हणत नाही. म्हणून गाव थांबलं. चंद्र वाढला, झिजला. पुन्हा वाढला, पुन्हा झिजला. साब्रान रोज पहाटे पुळणीवर जात आणि रिकाम्या हातांनी परत येत. आणि हास्निया रोज, चुलीवर साबूच्या पिठाची खळ शिजत असताना, मडक्यातल्या वाळूला मनगट टेकवून बघे. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. वाळू निवली की विस्तव जवळ ओढी, फार तापली की मडकं सरकवी. नवरा मासेमारीला दूर गेलेला, घरात लहान मूल, सासरे काळजीनं गप्प गप्प. तरी तिनं माझी वाळू एकदाही गार पडू दिली नाही.

रीत तिनं इतकी इमानानं पाळली, मित्रांनो, की नजराण्याला पाय फुटले.

आता पुन्हा त्या दुपारकडे या. विंदीनं उठून मडक्यावरचं झाकण काढलं, आणि किंकाळी फोडली. हास्निया धावत आली. मडक्यातली वाळू हलत होती. उकळत्या कढीसारखी मधोमध वर येत होती. मग वाळूतून एक पाऊल बाहेर आलं. नख्या मिटल्या, उघडल्या. मग डोकं. मग मी सगळीच.

जगातल्या मालेओ पहिल्यांदा आकाश बघतात. मी पहिल्यांदा चुलीतला विस्तव बघितला. त्याच्या पलीकडे दोन चेहरे होते, एक मोठा, एक छोटा, आणि दोघींची तोंडं उघडी होती.

"बाई गं," हास्निया पुटपुटली. "ही तर पिसं लेवूनच आली."

मी मडक्याच्या काठावर चढले, पंख झटकले, आणि दोघींच्या अंगावर वाळूचा सडा पडला. विंदी टाळ्या पिटायला लागली. हास्निया मात्र मटकन खाली बसली. तिला कळलं होतं, टोपलीतलं एकुलतं एक अंडं आता उरलं नाही.

किंकाळी ऐकून शेजारची मुनिराकाकू आली. हिच्या मुलाचं लग्न टोपलीपायी अडलं होतं. मुलगी ठरली होती, तांदूळ भरून ठेवले होते, मांडव तेवढा पडत नव्हता.

"काय गं, कोण पडलं? काय सांडलं?" म्हणत ती आत आली आणि मला बघून दारातच थबकली. "अगं माझे बाई! तुला ऊब सांभाळायला सांगितली होती, उबवायला कोणी सांगितलं होतं?"

"मी काय मुद्दाम केलं, काकू?"

"मुद्दाम नाही तर काय! एवढं प्रेमानं तर माझ्या कोंबड्या पण बसत नाहीत." ती कंबरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरली. मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, माझं ऐक. पाटी घे, ह्याला पाटीखाली झाक. पलीकडच्या बाजारात अंडी मिळतात, पोराला आत्ता पिटाळते. टोपलीभर आणेल. तुझ्या सासऱ्यांना कळायचं नाही, राजवाड्याला कळायचं नाही."

"ती अंडी कुठली, काकू?"

"कुठली म्हणजे? बाजारची."

"बाजारात कुठून आली? ह्याच पुळणीवरून. मामंजींच्या आधी उठून कोणीतरी उकरलेली."

तेवढ्यात दारात सावली पडली. साब्रान आले होते. हात रिकामे.

त्यांच्या घराण्यात टोपली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कुणाच्याही हातून ती चुकली नव्हती. या वर्षी ती आपल्या हातून चुकणार, या एका विचारानं त्यांची झोप उडाली होती. हास्निया उभी राहिली, मान खाली घालून म्हणाली, "मामंजी, अंडं..."

साब्राननी ऐकलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. हळूच उकिडवे बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

"हे असं असतं होय?" ते म्हणाले. "आयुष्यभर अंडी उकरली मी. हातांनी चाचपून सांगायचो, ताजं की शिळं. पण पिल्लू..." त्यांनी बोट पुढे केलं. मी त्या बोटाला खच्चून चोच मारली.

"आई गं!" साब्रान ओरडले, आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पण हसू ओठांवरून गेलं आणि काळजी परत आली. मुनिराकाकूलाही वाव मिळाला. "पिल्लू तर पिल्लू, भावजी. पायाला दोरी बांधा आणि टोपलीत घाला. अंड्यापेक्षा ताजा नजराणा! उद्या सकाळी होडी सोडा, परवा मी मांडव घालते."

साब्रान विचारात पडले. मग त्यांनी खुंटीवरची काथ्याची दोरी काढली.

दोरी काय असते ते मला ठाऊक नव्हतं. पण हास्निया पुढे होऊन माझ्या आणि त्या दोरीच्या मधे येऊन बसली, हे मी पाहिलं. सासऱ्यांपुढे तिचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही.

"मामंजी, एक विचारू? आंदणात काय आलं होतं? अंडी आली होती, की पाखरं?"

"पाखरं. जोडी."

"मग माहेर दर वर्षी अंडी का मागतं?"

"खायला नाही मागत. लेकीचं आंदण जितं आहे ना, हे कळावं म्हणून." हे वाक्य साब्रान लहानपणापासून ऐकत आले होते. ते म्हणून झालं, आणि त्यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"शेवटचं पिल्लू बांधून नेलं, तर माहेरी काय सांगायचं? आंदण विकून खाल्लं, आणि राहिलं होतं ते दोरीनं बांधून आणलं?"

चुलीत सोडणाचा एक तुकडा तडकला.

साब्राननी दोरी पुन्हा खुंटीला अडकवली. "कुत्री बांधा आधी," ते म्हणाले. "आणि ऊन आहे तोवर निघा."

हास्नियानं डोक्याचा रुमाल सोडून मला त्यात गुंडाळलं. ती चालत होती, विंदी तिचा पदर धरून, मागे साब्रान, आणि त्यांच्याही मागे, "मी आपली बघायला येतेय हं" म्हणत मुनिराकाकू. पुळण संपून रान जिथे समुद्राला टेकतं, तिथे केवड्याच्या बनापाशी हास्निया थांबली. तिनं रुमाल उघडला.

ते आकाश! चुलीपेक्षा मोठं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. वारा पिसांखाली शिरला, आणि मला आठवलं. शिकवलं कुणीच नव्हतं, पण आठवलं. मी दोन पावलं धावले आणि साब्रानच्या डोक्यावरून रानात उडाले.

खाली मुनिराकाकूचा आवाज ऐकू आला. "जन्माला येऊन एक दुपार झाली नाही, आणि उडाली! माझा मुलगा अजून ताट उचलत नाही."

पुढचं मी बघितलं नाही. पण साब्रान पुढे कितीदा तरी पुळणीवर बसून, येईल त्याला ते सांगत, म्हणून मला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीत मडक्यातली वाळू घातली. तिच्यावर माझं फुटकं कवच ठेवलं. केळीची पानं झाकली आणि होडी सोडली. राजवाडा आता नावाचाच उरला आहे. लाकडी खांब, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला जिना, आणि वर ओटीवर एक म्हातारी राजआत्या. तिनं पानं बाजूला सारली.

"साब्रान, हे तर टरफल आहे."

"हो, आत्याबाई."

"अंडं कुठंय?"

"उडून गेलं."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. "दारू चढवून आलास?"

मग साब्राननी सगळं सांगितलं. मडकं, सून, दोरी, सगळं. म्हातारीनं टरफलाचा तुकडा उचलून उन्हात धरला. आतून तो मोत्यासारखा पांढरा होता. ती बराच वेळ तो फिरवत बसली.

"इतकी वर्षं अंडी आली," ती म्हणाली. "आम्ही उकडून खाल्ली. पाखरं आहेत की संपली हे त्यावरून कळायचं कसं? अंडं आलं म्हणजे एक पाखरू कमीच झालं की. हे टरफल खरं बोलतं." मग तिनं टोपली परत दिली. "पुढल्या वर्षीपासून हीच आण. भरलेली आण बरं का. जितकी टरफलं, तितकं आंदण जितं."

हे ऐकून गाव आधी हसलं, मग डोकं खाजवायला लागलं. अंड्यांची टोपली भरायला फावडं पुरतं. पण फुटक्या टरफलांची टोपली भरायची, तर दर अंड्यातून पिल्लू बाहेर पडावं लागतं! मग पुळणीच्या कडेला काटेरी फांद्यांचं कुंपण आलं. कुत्री बांधली जाऊ लागली. पहाटे पुळणीवर पाळ्या लागल्या. पिल्लू वर आलं, की त्याच्या वाटेनं हात घालून टरफल काढायचं, तोवर वाळूला बोट लावायचं नाही. मुनिराकाकूचा मांडव पडला. ती अजून सांगते, "आमची सून टरफलावर आली, पण आहे गुणाची."

सगळं गोड झालं असं मात्र म्हणणार नाही. रस्ता आहेच. कधी कुंपण सकाळी मोडलेलं दिसतं आणि वाळूत बुटांचे ठसे असतात. टोपली अजून एकदाही काठोकाठ भरलेली नाही. साब्रान गेले तेव्हाही ती अर्धीच होती. जाताना त्यांनी हास्नियाला एवढंच सांगितलं, "अर्धी आहे म्हणून लाजू नको. खोटी भरू नको."

आता टोपली हास्निया नेते.

मित्रांनो, परवा मी माझ्या जोडीदाराबरोबर पुळणीवर उतरले. रस्त्याच्या कडेवरून एकदा मागे फिरलो, पण ओलांडला. आम्ही आळीपाळीनं खणलं. वाळू वर पोळते, खाली एकसारखी उबदार असते. मी डोकं खाली घालून ती चोचीनं चाचपली. तेव्हा मला चुलीशेजारचं मनगट आठवलं. माझं अंडं मी उबेत ठेवलं, बुजवलं, फसवे खड्डे उकरले.

केवड्याच्या आड दोघी बसल्या होत्या. हास्निया, आणि आता तिच्या खांद्याला लागलेली विंदी. श्वास रोखून बघत होत्या. मला त्या दिसत होत्या, पण मी पळाले नाही.

आम्हा मालेओंना राखण करता येत नाही. आम्ही जन्मभर फक्त एवढंच करतो. आमच्याजवळचं सगळ्यात मोलाचं जे असतं, ते वाळूत ठेवतो आणि पाठ फिरवतो. ही पुळण आणि पुळणीमागचं रान शाबूत राहील, एवढ्या भरवशावर. तो भरवसा सांभाळायला आमच्याजवळ चोच आहे, नख्या आहेत, आणखी काही नाही. तुमच्याजवळ हात आहेत. ते हात वाळूत घालायचे की वाळूवर धरायचे, हे तुम्ही ठरवायचं असतं. तुमच्या गावातही असं कुणीतरी असेल, ज्याला तुमच्या गावाखेरीज दुसरं घर नाही. त्याची ऊब तेवढी जाऊ देऊ नका.

मी आणि माझा जोडीदार रानाकडे वळलो. आमच्या मागे विंदीचा आवाज आला. ती कुजबुजतच होती, पण वारा आमच्याकडे होता.

"आई, ती चालली. अंड्याकडे बघायला ती परत कधीच येणार नाही ना?"

"नाही येत त्या."

मी एकदाच मान वळवून पाहिलं. हास्नियाचा हात वाळूवर होता. मनगट टेकवलेलं.

"मग आपण तिचं अंडं घेतलं नाही," विंदीनं विचारलं, "हे तिला कसं कळणार?"